एकतीस वस्तू, चार दिवस: लेझर स्कॅनिंगसाठी काय निवडलं आणि काय ठेवून दिलं

संग्रह सांभाळणाऱ्या बाईंनी दिलेल्या यादीत एकतीस वस्तू होत्या आणि पहिल्या क्रमांकावर संगमरवरी मस्तक होतं. यादी त्यांनी महत्त्वानुसार लावली होती. सर्वांत मौल्यवान वस्तू वर, किरकोळ खाली. शेवटची नोंद होती, 'भाजक्या मातीचा घोडा, एक कान तुटलेला'.

शिल्प आणि हस्तकला शिकवणाऱ्या एका संस्थेचा हा अभ्याससंग्रह. वस्तू विद्यार्थ्यांच्या हातात देऊनच शिकवायचं, ही तिथली जुनी पद्धत. पण हाताळून हाताळून वस्तू झिजायला लागल्या होत्या, टवके उडत होते, म्हणून त्यांची त्रिमितीय मॉडेलं करून ठेवायचं ठरलं. स्कॅनर आम्हाला चार दिवसांसाठी मिळणार होता. एक वस्तू सगळ्या बाजूंनी, उलटी-सुलटी करून स्कॅन करायची म्हटलं की दोन-तीन तास जातात. म्हणजे दहा-बारा वस्तूंच्या पुढे जाणं शक्य नव्हतं. वीसेक वस्तूंना नाही म्हणायचं होतं आणि ते कशाच्या आधारावर म्हणायचं, हे आधी ठरवायला हवं होतं. असे निर्णय बहुतेक वेळा घाईत होतात आणि कुठे लिहूनही ठेवले जात नाहीत, म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडतो आहे.

स्कॅनर नेमकं काय बघतो

आमचा स्कॅनर त्रिकोणाच्या हिशेबावर चालणारा होता. लेझरची लाल रेघ वस्तूवर पडते आणि तिच्यापासून सुमारे ३० अंशांच्या कोनात बसवलेला कॅमेरा ती रेघ टिपतो. पृष्ठभाग पुढे आला की कॅमेऱ्याला रेघ एका बाजूला सरकलेली दिसते, मागे गेला की दुसऱ्या बाजूला. लेझर आणि कॅमेरा यांच्यातलं अंतर आणि कोन ठाऊक असल्यामुळे त्या सरकण्यावरून खोली काढता येते. वस्तू फिरत्या पाटावर ठेवायची, रेघ तिच्यावरून फिरवायची, आणि लाखो बिंदूंचा ढग तयार होतो.

या सगळ्यामागे एक गृहीत आहे: लेझर जिथे पडला, त्याच जागेवरून, म्हणजे वस्तूच्या अगदी वरच्या कातडीवरून प्रकाश परततो आणि सगळ्या दिशांना साधारण सारखा पसरतो. फिकट, खरबरीत, तकाकी नसलेल्या पृष्ठभागावर हे गृहीत चांगलं टिकतं. काच, पॉलिश केलेला धातू, मेण, पिसं यांच्यावर ते मोडतं. महाग वस्तू, जुनी वस्तू, सुंदर वस्तू हे सगळे आपल्या नजरेचे निकष. स्कॅनरपुढे येतो तो फक्त पृष्ठभाग.

संगणकीय चित्रणाच्या क्षेत्रात जगभर वापरला जाणारा ससा हे याचंच उदाहरण. १९९४ साली स्टॅनफर्ड विद्यापीठात ग्रेग टर्क आणि मार्क लेव्हॉय यांनी भाजक्या मातीचा एक लहानसा ससा स्कॅन केला. बिंदू एकमेकांना जोडून पृष्ठभाग त्रिकोणांनी बनवतात आणि त्या मॉडेलमध्ये असे ६९,४५१ त्रिकोण आहेत. ससा म्हणून त्यात विशेष काही नव्हतं, पण तांबूस माती, तकाकी नाही, अंगावर सौम्य चढउतार आणि सहज हाताळता येईल एवढा आकार, असं सगळं जुळून आलेलं होतं. त्यातूनही तळाला भोकं राहिलीच. त्यातली दोन मूळ मातीच्या सशालाच होती, बाकीची तळाकडून पुरेसे स्कॅन न घेतल्यामुळे. मला ही गोष्ट फार बोलकी वाटते. इतक्या अनुकूल वस्तूचाही तळ सुटतो, तर अवघड वस्तूंचं काय होईल?

पहिली सकाळ: प्रत्येकीवर एकच रेघ

पहिल्या दिवशी सकाळी आम्ही एकही वस्तू पूर्ण स्कॅन केली नाही. खोलीत अंधार केला, एकेक वस्तू पाटावर ठेवली, तिच्यावर लेझरची एकच स्थिर रेघ टाकली आणि नुसतं बघितलं. प्रत्येक रेघेचा एक फोटो काढून वस्तूच्या क्रमांकासह ठेवून दिला. बाई शेजारीच बसल्या होत्या आणि सुरुवातीला त्यांना हा वेळेचा अपव्यय वाटत होता. खरं तर चार दिवसांतली सर्वांत मोठी बचत या अडीच तासांनी केली.

प्लास्टरच्या पायावर रेघ शिवणाच्या दोऱ्यासारखी पडली. बारीक, अखंड, दोन्ही कडा स्वच्छ. मातीच्या घोड्यावरही तशीच, फक्त किंचित मंद. पितळी घंटेवर रेघ जवळपास गायबच झाली. एका ठिकाणी डोळ्यांत खुपणारा ठिपका दिसला आणि समोरच्या भिंतीवर वाकडी लाल रेघ उमटली. प्रकाश पसरण्याऐवजी आरशासारखा उडाला होता. अशी उडालेली रेघ वस्तूच्याच दुसऱ्या भागावर पडली, तर स्कॅनर ती खरी समजतो आणि हवेतच खोटे बिंदू तयार करतो. काळ्या लाखेच्या डबीवर काहीच दिसलं नाही. काळा रंग प्रकाश गिळतो आणि जो थोडा उरतो तो तकाकी दुसरीकडे फेकते. नुसता काळा, मॅट पृष्ठभाग असता तर कॅमेऱ्याचं एक्स्पोजर वाढवून भागलं असतं. काळं आणि चकचकीत एकत्र आलं की तो मार्ग बंद होतो. काचेच्या बाटलीवर तीन रेघा दिसल्या: समोरच्या भिंतीवर पुसट, मागच्या भिंतीवर त्याहून पुसट आणि पाटावर ठळक. पिसांच्या पंख्यावर रेघेचा चुरा झाला, कारण तिथे पृष्ठभाग असा नाहीच, एकामागे एक हजारो तंतू आहेत.

मेणाच्या मुद्रेवरची रेघ मी अजून विसरलेलो नाही. ती जाड झाली होती, कडा धूसर आणि आतून दिवा लावल्यासारखा तांबूस उजेड. बाई पुढे वाकून म्हणाल्या, "किती छान दिसतंय हे." दिसत होतं खरंच छान. पण स्कॅनरच्या दृष्टीने हीच सर्वांत फसवी अवस्था. प्रकाश मेणाच्या आत शिरून, तिथे विखरून, मग बाहेर येतो. रेघेचा मध्य जिथे सापडतो तिथे मेणाची कातडी नसतेच. काच निदान डेटा देत नाही, त्यामुळे आपण सावध होतो. मेण डेटा देतं, तो गुळगुळीत आणि विश्वासार्ह दिसतो, आणि तो चुकीचा असतो. निळ्या लेझरने हा त्रास कमी होतो, कारण कमी तरंगलांबीचा प्रकाश अशा पदार्थांत तेवढा खोल शिरत नाही. आमच्याकडे लालच होता.

रंगवलेल्या मुखवट्याने मात्र मला चकवलं. लाकूड, मॅट रंग, तकाकी नाही, रेघ ठळक. मी लगेच 'हो'च्या ढिगात टाकला. दुपारी सहज चाचणीचा एक पट्टा स्कॅन केला, तेव्हा गालावरच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या सीमेवर बारीक उंचवटे दिसले. बाईंनी गालावरून बोट फिरवून पाहिलं. तिथे सपाट होतं. रेघेलाही थोडी रुंदी असते. तिचा अर्धा भाग पांढऱ्यावर आणि अर्धा काळ्यावर पडला की पांढऱ्याकडचा उजेड जास्त परततो, तिचा मध्य तिकडे ओढला जातो आणि खोली चुकते. ब्रायन कर्लेस आणि लेव्हॉय यांनी १९९५ सालच्या शोधनिबंधात या चुकीची कारणमीमांसा करून उपायही दाखवला होता. मुखवट्याचा ठळक आकार हवा असेल तर ही चूक चालते. कोरीवकामाची खोली मोजायची असेल तर नाही. म्हणून मुखवटा 'अटीवर'च्या ढिगात गेला.

दुपारपर्यंत एकतीसपैकी बारा वस्तू बाहेर पडल्या होत्या.

स्प्रेचा प्रश्न

बाहेर पडलेल्या वस्तूंवर पांढरा स्प्रे मारून पुन्हा प्रयत्न करावा, असं माझ्या सहकाऱ्याने सुचवलं. कारखान्यात हे रोज चालतं. चकचकीत सुट्या भागावर पावडरीचा पातळ थर द्यायचा, स्कॅन करायचं आणि पुसून टाकायचं. मी ठाम नाही म्हटलं. लाखेच्या डबीवर बारीक तडे होते. त्यांत पावडर गेली तर ती कोण काढणार? आपोआप उडून जाणारे पदार्थही मिळतात. सायक्लोडोडेकेन हा मेणासारखा पदार्थ कालांतराने वाफ होऊन निघून जातो आणि कलावस्तूंच्या जतनाच्या कामात तो वापरात आहे. पण तो वापरायचा की नाही हे जतनतज्ज्ञाने ठरवायचं, स्कॅनर चालवणाऱ्याने नव्हे. शिवाय कुठल्याही थराला स्वतःची जाडी असते आणि ती हाताने मारताना सगळीकडे सारखी बसत नाही. फक्त पितळी घंटेबाबत बाई तयार होत्या, पण कोरीव अक्षरांच्या खोबणी भरून जातील म्हणून तीही आम्ही सोडली.

आकाराने अडवलेल्या वस्तू

उरलेल्या एकोणीस वस्तूंचा पृष्ठभाग चालणारा होता. आता आकार बघायचा होता.

एखादा बिंदू नोंदवायचा तर तो लेझरलाही दिसायला हवा आणि कॅमेऱ्यालाही. ही दुहेरी अट फार वस्तू पाडते. सरळ भिंतींच्या भोकात लेझर थेट आत गेला आणि कॅमेरा ३० अंशांवरून बघत असला, तर तोंडाच्या रुंदीच्या साधारण पावणेदोनपट खोलीपर्यंतच दोघांनाही दिसतं. आमच्या सुरईचं तोंड ४ सेंटिमीटर आणि खोली २२ सेंटिमीटर होती. म्हणजे आतलं जेमतेम ७ सेंटिमीटर मिळणार, आणि मानेखाली पोट फुगतं तिथला भाग त्याआधीच आडोशाला जाणार. कोन कमी केला तर जास्त खोल दिसतं, पण मग खोलीतल्या फरकाने रेघ कमी सरकते आणि अचूकता घटते. आम्ही बाईंना विचारलं, "सुरईचं आतलं हवंय का?" "नको, बाहेरची घडण पुरे." मग सुरई राहिली.

शंखाचं उत्तर उलटं आलं. बाहेरून तो उत्तम होता, खडबडीत आणि मातकट. पण विद्यार्थ्यांना शिकवायचा होता तो आतला पीळ. तिथे कुठलीही रेघ पोचत नाही. बाहेरचं सुंदर मॉडेल करून दिलं असतं तर काम झाल्यासारखं वाटलं असतं आणि ज्यासाठी शंख यादीत होता ते राहूनच गेलं असतं. शंखाला सीटी स्कॅन लागतो. तसं लिहून तो बाजूला ठेवला.

पदकाचं कारण वेगळं होतं. त्यावरच्या अक्षरांच्या रेषा साधारण ०.३ मिलिमीटर रुंद आणि आमच्या बिंदूंमधलं अंतर ०.२ मिलिमीटर. एका रेषेवर एक किंवा दोन बिंदू पडणार. एवढ्यावर अक्षर वाचता येत नाही. निदान चार-पाच बिंदू त्या रुंदीत बसले, तर कडा कुठे आहे हे म्हणता येतं. त्यातून पदक पातळ. पुढची आणि मागची बाजू एकमेकींना जोडायला मधे फक्त दीड मिलिमीटरची कड, तीही गुळगुळीत. दोन बाजू जुळवायच्या तर दोन्ही स्कॅनमध्ये सामाईक भाग लागतो. अशा उथळ उठावासाठी दुसरी पद्धत जास्त चांगली. कॅमेरा एका जागी स्थिर ठेवायचा, दिवा वेगवेगळ्या दिशांना फिरवून फोटोंची मालिका घ्यायची आणि सगळे फोटो संगणकावर एकत्र करायचे. २००१ साली टॉम माल्झबेंडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेल्या तंत्रावर ती उभी आहे. पदकाच्या कार्डावर तेच लिहिलं.

खरा धडा मिळाला तो खरादावर कातलेल्या लाकडी फुलदाणीकडून, आणि इथे चूक सर्वस्वी माझी होती. फिकट लाकूड, मॅट, उघडा आकार. मी विचारच केला नाही. वेगवेगळ्या बाजूंचे स्कॅन जुळवताना संगणक एकाच्या पृष्ठभागावर दुसऱ्याचा पृष्ठभाग सरकवत सरकवत दोघांमधलं अंतर कमीत कमी करतो. १९९२ साली बेसल आणि मॅके यांनी मांडलेली ही रीत आजही बहुतेक सॉफ्टवेअरच्या मुळाशी आहे. पण फुलदाणी स्वतःच्या अक्षाभोवती कितीही फिरवली तरी आकार तोच. संगणकाला कुठलीही जुळणी बरोबरच वाटते. सॉफ्टवेअरने उत्तम जुळल्याचा आकडा दाखवला, मॉडेल देखणं आलं. संध्याकाळी ते फिरवून बघताना बाई म्हणाल्या, "गाठ दोन ठिकाणी कशी?" फुलदाणीच्या पोटावर लाकडाची एकच गाठ होती, मधोमध बारीक चीर असलेली. मॉडेलवर त्या दोन होत्या, बोटभर अंतरावर. ती चीर नसती तर चूक कुणाच्याच लक्षात आली नसती.

दुसऱ्या दिवशी आम्ही फुलदाणीभोवती, तिच्यासोबत फिरणाऱ्या पाटावरच, वेगवेगळ्या आकारांचे लाकडी ठोकळे वेडेवाकडे मांडले आणि पुन्हा स्कॅन केलं. वस्तूला काही चिकटवावं लागलं नाही, ठोकळ्यांवरून जुळणी झाली आणि नंतर ते मॉडेलमधून कापून टाकले. फुलदाणी उलटी केल्यावर मात्र ठोकळ्यांची आधीची मांडणी कामाची नव्हती. तिथे काठावरचा एक टवका आणि ती चीर, यांच्याच आधारे वरचा आणि खालचा भाग जुळवला. तेव्हापासून मी गोल, एकसारख्या वस्तूवर टवका शोधतो आणि सापडला की निश्चिंत होतो.

संगमरवर की प्लास्टर

मस्तकाचा निर्णय आम्ही तिसऱ्या दिवसापर्यंत लांबवला होता. अंधारातल्या रेघेने काय सांगितलं ते मला ठाऊक होतं. मेणाइतकं नाही, पण संगमरवरही प्रकाश आत घेतो. आतल्या स्फटिकांवर तो विखरतो आणि रेघेच्या कडा धूसर होतात. १९९८-९९ मध्ये मायकेलअँजेलोच्या शिल्पांच्या मोठ्या स्कॅनिंग प्रकल्पात हाच प्रश्न आला होता. ५.१७ मीटर उंचीच्या डेव्हिडचं मॉडेल सुमारे ४८० स्कॅन आणि दोन अब्ज बहुभुजांचं झालं. त्या कामाशी जोडलेल्या संशोधकांनी २००१ मध्ये संगमरवरावरच्या मापनाची मुद्दाम तपासणी केली आणि दोन गोष्टी दाखवल्या: खोली पद्धतशीरपणे थोडी आत सरकते आणि मापनातला गोंगाट, म्हणजे आकड्यांतला अनियमित चढउतार, वाढतो.

मी हे सांगितलं तेव्हा बाई थोड्या दुखावल्या. "म्हणजे आमच्याकडची सर्वांत चांगली वस्तूच तुम्ही सोडणार?" मग जराशाने त्याच म्हणाल्या, "तळघरात याच मस्तकाचा प्लास्टरचा जुना ठसा आहे. तो चालेल?"

तो आणला. धूळ झटकली, रेघ टाकली. दोऱ्यासारखी बारीक.

दोन्ही स्कॅन केले, कारण तोलायचं तर दोन्ही समोर हवेत. प्लास्टरचं मॉडेल स्वच्छ होतं, पापण्यांची कड ठसठशीत. संगमरवराच्या मॉडेलवर सगळीकडे संत्र्याच्या सालीसारखं बारीक पुरळ. ते सॉफ्टवेअरने घासून गुळगुळीत करता आलं असतं, पण मग केसांच्या बटांमधल्या छिन्नीच्या रेषाही गेल्या असत्या. पुरळ कुठलं आणि छिन्नीची खूण कुठली, हे त्या मापावर वेगळं काढता येत नव्हतं. पण प्लास्टरही निर्दोष नव्हता. कानामागून हनुवटीखाली साच्याची सांध गेली होती, नाकपुड्या अर्धवट भरल्या होत्या, आणि जिथे संगमरवरावर छिन्नीचा कच्चा घाव स्पष्ट होता तिथे ठशात तो मऊ झाला होता. प्लास्टरचं मॉडेल अचूक होतं, पण अचूक नोंद होती ती ठशाची.

त्या संध्याकाळी आम्ही बराच वेळ बोललो. मस्तकाच्या मॉडेलला तुम्ही काय विचारणार, हे मी बाईंना पुन्हा पुन्हा विचारत होतो. शेवटी त्यांनी दोन उत्तरं दिली. पहिल्या वर्षाच्या मुलांना चेहऱ्याची ठेवण, उजेड-सावली, प्रमाण शिकायचं असतं. त्यांच्यासाठी ठसा पुरेसा आणि चांगला. आणि उद्या मूळ शिल्पाला काही झालं, तर त्याचा आकार कसा होता याची नोंद हवी. त्यासाठी संगमरवरच हवा, पुरळासकट. म्हणून दोन्ही ठेवले. संगमरवराचं मॉडेल आम्ही न घासता, कच्च्या बिंदूंसह जपलं आणि कार्डावर लिहिलं: 'छिन्नीच्या बारीक खुणांच्या अभ्यासासाठी हे मॉडेल वापरू नये. मूळ शिल्प पाहावं.' असं वाक्य लिहायला बाईंना सुरुवातीला कमीपणा वाटला होता. पण मॉडेल कशासाठी चालत नाही हे त्याच्यासोबत नसेल, तर पाच वर्षांनी कुणीतरी त्या पुरळालाच शिल्पकाराची शैली समजून बसेल, ही भीती मला खरीच वाटते.

शेवटी काय झालं

चार दिवसांत अकरा मॉडेलं झाली. त्यांत प्लास्टरचा ठसा होता, जो मूळ यादीत नव्हताच. मुखवटा 'फक्त आकारासाठी' या शेऱ्यासह आला. न घेतलेल्या प्रत्येक वस्तूचं कार्ड केलं. त्यावर अंधारातल्या रेघेचा फोटो, न घेण्याचं कारण आणि कोणती दुसरी पद्धत बघावी ते. काही वस्तू फक्त वेळेअभावी राहिल्या होत्या. त्यांच्या कार्डावर तसंच लिहिलं, उगाच तांत्रिक कारण चिकटवलं नाही.

चौथ्या दिवशी दुपारी घोडा घेतला. यादीतला एकतिसावा. दोन तासांत पूर्ण झाला, दोनदा स्कॅन करावा लागला नाही. तुटलेल्या कानाच्या जागी मातीचे कण मोजता येतील इतके स्पष्ट आले. बाईंनी स्क्रीनवर मॉडेल फिरवता फिरवता उलटं केलं आणि थांबल्या. पोटाखाली, मागच्या पायांच्या मुळाशी, दोन उथळ खळगे होते. पाय चिकटवताना घडवणाऱ्याने आतून अंगठा आणि बाहेरून बोट दाबलं होतं, आणि एका खळग्यात बोटाच्या रेषा उमटल्यासारख्या दिसत होत्या. रेषा खऱ्याच आहेत की बिंदूंचा खेळ, हे बघायला त्यांनी खरा घोडा उचलला, खिडकीपाशी नेला आणि तिरप्या उन्हात पोट वर करून धरला. रेषा होत्या. वर्षानुवर्षं त्या तो घोडा पुसून ठेवत आल्या होत्या.